बंदुका मागणारा, बंदुका नाकारणारा

साल 1971. मेक्सिकोतल्या दुरांगोच्या माळावर तुम्ही उभे आहात. प्रदेश उंचावरचा, त्यामुळे ऊन चटके देतं आणि सावलीत शिरलं की लगेच गार वाटतं. पायाखाली बारीक, पिवळट धूळ. समोर लाकडी गाड्यांचा तांडा थांबलेला, त्यांच्यावर ताडपत्रीची गोल छपरं. गाड्यांच्या आडोशाला रिफ्लेक्टर धरून उभी असलेली स्थानिक पोरं. कुणीतरी स्पॅनिशमध्ये ओरडून घोडे मागे घ्यायला सांगतंय.

या माळाला कॅमेऱ्याची सवय आहे. जॉन वेनचे काऊबॉयपट इथेच उभे राहिले: ‘द सन्स ऑफ केटी एल्डर’, ‘द वॉर वॅगन’, ‘चिसम’. तुम्ही लहानपणी पाहिलेल्या वेस्टर्नमधली ती निळी डोंगररांग आणि ती एकुलती एक मातकट गल्ली हीच असण्याची शक्यता मोठी आहे. याच वाटेने गोरा माणूस घोड्यावरून येत राहिला आणि गावाला वाचवत राहिला.

आज त्या वाटेने दोन कृष्णवर्णीय माणसं येत आहेत. एक उंच, ताठ, डोक्यावर हॅट, नजर क्षितिजावर. सिडनी पॉटिए. दुसरा हसतोय, आणि हसताना त्याचे किडके, तपकिरी दात दिसतात, म्हणून ओळखायला तुम्हाला क्षणभर लागतो. हॅरी बेलाफॉन्टे. ज्याच्या देखणेपणावर आणि गळ्यावर अख्खी अमेरिका फिदा होती, त्याने आज भोंदू धर्मोपदेशकासाठी स्वतःचे दात विद्रूप करून घेतले आहेत. त्याच्या हातात बायबल आहे आणि बायबलाच्या पोटात पिस्तूल. दोघंही 1927 सालचे, वाढदिवसांत जेमतेम नऊ दिवसांचं अंतर. मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर या दोन मित्रांत काही काळ अबोला होता. तो या सिनेमाने मोडला.

सिनेमाचं नाव ‘बक अँड द प्रीचर’. निर्मितीत दोघांच्याही कंपन्या आहेत, मागे कोलंबिया पिक्चर्स. दिग्दर्शक म्हणून जोसेफ सार्जंट नावाचा गोरा गृहस्थ नेमलेला होता. पण चित्रीकरण सुरू होऊन काही दिवसच झाले असताना पॉटिए आणि बेलाफॉन्टेला कळून चुकलं की जे पडद्यावर यायला हवं ते येत नाही. सार्जंट गेला. पॉटिएने कोलंबियाला कळवलं, दुसरा कुणी पाठवा, तोवर मी सांभाळतो. त्याने आयुष्यात एकही सिनेमा दिग्दर्शित केलेला नव्हता. आता पाहा त्याच्याकडे: अभिनय करतो, ‘कट’ झाल्यावर घोड्यावरून उतरतो, कॅमेऱ्याला डोळा लावतो, पुन्हा घोड्यावर चढतो. रशेस पाहिल्यावर कोलंबियाने निरोप दिला की तुम्हीच पुढे चालवा. त्या काळी हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओच्या सिनेमाचं दिग्दर्शन कृष्णवर्णीय माणसाकडे असणं ही नुकती सुरू झालेली गोष्ट होती. गॉर्डन पार्क्सचा ‘द लर्निंग ट्री’ आला त्याला दोनच वर्षं झाली होती.

मला विचाराल तर या सिनेमाचा खरा जन्म इथे आहे. पडद्यावर कृष्णवर्णीय चेहरा असणं आणि तो चेहरा कुठून, किती वेळ, कोणत्या उजेडात दिसावा हे ठरवण्याचा हक्क कृष्णवर्णीय माणसाकडे असणं, यांत फार अंतर आहे. पॉटिएला चेहऱ्याची संधी कधीच मिळाली होती; ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी 1964 मध्ये प्रमुख अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. तरीही या माळावर येईपर्यंत कॅमेरा त्याचा नव्हता.

पण गुलामीतून सुटलेल्या माणसांचे तांडे पश्चिमेकडे निघाले असं हे दोघं सांगताहेत, ते घडलं तरी होतं का? मागे चला.

1879चा वसंत. मिसिसिपी नदीचा काठ, लुइझियानाच्या बाजूला. ओल्या मातीत बोचकी, भांडी, पेट्या मांडून माणसं बसली आहेत. म्हाताऱ्या बाया, अंगावरची पोरं. गुलामी कायद्याने संपली त्याला चौदा वर्षं होऊन गेलीत. पण जमीन जुन्या मालकाचीच. कापूस वाट्याने पिकवायचा, बियाणं आणि मीठ-पीठ मालकाच्याच दुकानातून उधार आणायचं, आणि हंगाम संपला की हिशोबात आपणच देणेकरी निघायचं. 1877 मध्ये दक्षिणेतली केंद्राची फौज बाजूला झाली आणि रात्रीचे घोडेस्वार मोकाट सुटले. मत द्यायला गेलेल्या माणसाचं घर कोणत्या रात्री पेटेल याचा नेम राहिला नाही.

म्हणून ही माणसं नदीकाठी बसली आहेत. त्यांना कॅन्ससला जायचंय. तिथे होमस्टेड कायद्याखाली 160 एकर सरकारी जमीन मिळू शकते, आणि गुलामीविरुद्ध रक्त सांडलेला तो प्रदेश म्हणून त्याचं नाव आदराने घेतलं जातं. तुम्ही त्यांच्यात बसा. लांबून वाफेच्या बोटीचा भोंगा ऐकू येतो. लोक उठतात, हात हलवतात, फडकी हलवतात. बोट जवळ येते आणि न थांबता निघून जाते. मळेवाल्यांना आपले मजूर जाऊ द्यायचे नाहीत; या प्रवाशांना घेऊ नका असा त्यांचा बोटवाल्यांवर दाब आहे. लोक पुन्हा बोचक्यांवर बसतात. आठवडे असे जातात. तरीही त्या काही महिन्यांत सुमारे सहा हजार माणसं सेंट लुईसमार्गे कॅन्ससकडे पोचली, आणि सेंट लुईसच्या कृष्णवर्णीय चर्चनी त्यांना जेवू घातलं, निवारा दिला. बायबलातल्या निर्गमनाची आठवण ठेवून त्यांना ‘एक्झोडस्टर्स’ म्हणू लागले.

त्यांच्यामागे हेन्री ॲडम्स होता. लुइझियानाचा, गुलामीत वाढलेला, पुढे सैन्यात राहिलेला. तो आणि त्याचे सोबती मळ्यामळ्यांतून हिंडले, कुणाला मारलं, कुणाला लुटलं याची नोंद केली, निघू इच्छिणाऱ्यांची हजारो नावं गोळा केली. 1880 मध्ये सिनेटच्या समितीपुढे बसून त्याने हे सगळं सांगितलं. म्हणजे कागद होता. साक्ष होती. सिनेमावाल्यांना कळायला मार्ग नव्हता असं कुणी म्हणू नये.

इथे मला पुण्याची आठवण येते. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं. त्या वेळी त्यांना तिकडे जे दिसत होतं ते खरंच आशादायक होतं. दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं मत देत होती, निवडूनही येत होती. चारच वर्षांनी ते आश्वासन मागे घेतलं गेलं. नदीकाठी बोचक्यांवर बसलेली ही माणसं म्हणजे फुल्यांनी ज्यांच्या मुक्तीचा गौरव केला तीच माणसं आहेत.

जरा वायव्येला सरका. 1878, कॅन्ससचं निकोडेमस. विलियाना हिकमन केंटकीहून नवऱ्याबरोबर आली आहे. पुरुष ओरडतात, आलं निकोडेमस. ती चहूकडे पाहते, तिला घर दिसत नाही, झाड दिसत नाही. कुठे आहे, म्हणून विचारते. नवरा बोट दाखवतो: जमिनीतून धूर निघतोय. लोक जमिनीत खोदलेल्या भुयारांत राहतात. ती रडू लागते. हे तिने पुढे स्वतः सांगून ठेवलं आहे. त्या गावाच्या पहिल्या हिवाळ्याची आणखी एक आठवण तिथले लोक सांगत आले आहेत: शिकारीहून परतणाऱ्या ओसेज आदिवासींनी त्यांना मांस दिलं, म्हणून ते जगले. ओसेज हे नाव लक्षात राहू द्या. निकोडेमस आजही आहे. 1996 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ.

पॉटिएच्या सिनेमात गोष्ट याच्या काही वर्षं आधी, यादवी युद्ध संपल्यावर लगेच घडते. बक हा माजी सैनिक लुइझियानाहून निघालेल्या मुक्त माणसांचे तांडे पश्चिमेकडे घेऊन जातो. मळेवाल्यांनी पैसे देऊन पाठवलेली टोळी त्यांच्या मागावर असते. तिचं काम एकच, मजुरांना मारून, लुटून, घाबरवून परत कापसाच्या शेतात आणायचं. काळ थोडा इकडेतिकडे असेल, पण भीती अस्सल आहे. कारण ती भीती पॉटिए आणि बेलाफॉन्टेच्या अंगात होती.

त्यासाठी 1964 च्या ऑगस्टमध्ये उतरा. मिसिसिपी राज्यातलं ग्रीनवुड, रात्र. छोटं विमान अंधाऱ्या धावपट्टीवर उतरतं. दोन माणसं बाहेर येतात, एकाच्या हातात डॉक्टरांची असते तसली काळी बॅग. बॅगेत सुमारे 70 हजार डॉलर रोख. मतदार नोंदणीसाठी आलेल्या तरुण कार्यकर्त्यांचे पैसे संपले आहेत, आणि बँकेमार्फत पाठवायचे तर या राज्यात भरवसा कुणाचा? म्हणून बेलाफॉन्टेने पैसे उभे केले आणि पॉटिएला बरोबर घेतलं. याच महिन्यात, याच राज्यात, मातीच्या बांधाखाली तीन कार्यकर्त्यांचे मृतदेह सापडले आहेत: चेनी, गुडमन, श्वेर्नर.

तुम्ही मागच्या सीटवर अंग चोरून बसा. धावपट्टीच्या टोकाला गाड्यांचे दिवे लागतात. पोलिसांचे असतील, असं वाटतं. कार्यकर्ता सांगतो, ती कू क्लक्स क्लॅनची, गोऱ्या वर्चस्ववाद्यांची माणसं आहेत. गाडी निघते. चालक वेग वाढवत नाही, कारण वेगाच्या निमित्ताने पोलिसांनी अडवलं तर संपलं. मागून ट्रक येऊन धडक देतो. पुन्हा देतो. पॉटिए, जगातला त्या वेळचा सर्वांत मान्यताप्राप्त कृष्णवर्णीय नट, चार महिन्यांपूर्वी ऑस्कर घेतलेला, रात्रीच्या घोडेस्वारांपुढे पळतोय. अखेर कार्यकर्त्यांच्या गाड्या शहरातून आडव्या येतात आणि पाठलाग सुटतो. सभागृहात गर्दी गात असते. बॅग टेबलावर रिकामी होते.

सात वर्षांनी दुरांगोत पॉटिए तांड्यावरच्या हल्ल्याचा प्रसंग घेतो. सिनेमा पाहताना त्या हल्ल्याची क्रूरता जी अंगावर येते, तिचं कारण मला त्या रस्त्यावर सापडतं.

आता इथपर्यंत आलाच आहात तर एका वाकड्या वळणानेही चला. 1963, मॉन्युमेंट व्हॅली. तांबड्या खडकांच्या पायथ्याशी दिग्दर्शक जॉन फोर्ड ‘शायेन ऑटम’ घेतोय. ज्याने आयुष्यभर आदिवासींना पडद्यावर पाडलं, तो म्हातारपणी त्यांची बाजू मांडायला निघाला आहे, आणि मी त्याच्या हेतूवर शंका घेत नाही. पण पाहा कोण कुठे उभं आहे. शायेन सरदार झालेत रिकार्डो मोन्ताल्बान आणि गिल्बर्ट रोलंड, दोघंही मेक्सिकन. एक शायेन तरुण झालाय इटालियन वंशाचा सॅल मिनिओ. मागच्या गर्दीत खरे आदिवासी आहेत, पण ते शायेन नाहीत, नवाहो आहेत, आणि शायेन म्हणून नवाहोत बोलताहेत. दिग्दर्शकाला ती भाषा येत नाही, स्टुडिओला येत नाही. नवाहो लोकांत या सिनेमाचे खेळ गाजले, कारण गंभीर प्रसंगांत त्यांच्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर काय काय चावट बोलून ठेवलंय ते फक्त त्यांनाच कळत होतं.

दुरांगोला परत या. आज ज्या प्रसंगाचं चित्रीकरण आहे त्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं.

बक आणि उपदेशक आदिवासींच्या तळावर आले आहेत. तांडा या मुलखातून जाऊ देण्यासाठी बक त्यांना मोबदला देतो; व्यवहार स्वच्छ आहे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची किंमत ठाऊक आहे. आज मात्र बकला जास्त काही हवंय. त्याला बंदुका हव्यात. टोळीप्रमुख ऐकून घेतो. त्याची बायको सिन्सी दुभाष्याचं काम करते. उपदेशक पुढे सरसावतो: आपला शत्रू एकच, मग आपण भाऊच की.

आणि टोळीप्रमुख नाही म्हणतो. वाटेने जाऊ देईन, शिकार करू देईन, पण बंदुका नाहीत. त्या मला माझ्या लढाईला लागतील. वर तो बकला आठवण करून देतो की तूही गोऱ्यांच्या सैन्यात होतास, आमच्याविरुद्ध.

हे वाक्य अमेरिकन सिनेमात त्याआधी इतकं स्पष्ट कुणी उच्चारलं होतं? माझ्या पाहण्यात नाही. 1866 मध्ये काँग्रेसने कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी उभारल्या, त्यांत नववं आणि दहावं घोडदळ होतं. नुकती मुक्त झालेली माणसं, पहिल्यांदा पगार, पहिल्यांदा गणवेश, पहिल्यांदा माणूस म्हणून हजेरीपटावर नाव. आणि काम? मैदानी प्रदेशातल्या आदिवासींना राखीव मुलखात कोंडणं. एका पीडिताला सन्मान मिळाला तो दुसऱ्या पीडिताची जमीन हिरावण्याच्या कामात. 160 एकर मिळणार म्हणून नदीकाठी बसलेल्या त्या म्हाताऱ्या बाईचं स्वप्न मला पवित्र वाटतं, आणि ते 160 एकर कुणाचे होते हा प्रश्नही तितकाच खरा आहे. पॉटिएने ही गाठ सिनेमाच्या मधोमध आणून ठेवली. आपल्या नायकाला बंदुका मिळू दिल्या असत्या तर टाळ्या पडल्या असत्या. त्याने नायकाला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाही, आणि म्हणून मी त्याला मोठा दिग्दर्शक मानतो.

आता मात्र टोळीप्रमुखाच्या चेहऱ्याकडे पाहा. तो एनरिके लुसेरो आहे, मेक्सिकन नट, उत्तम नट. आणि सिन्सी आहे ज्युली रॉबिन्सन, नृत्यांगना, गोरी, ज्यू वंशाची, बेलाफॉन्टेची पत्नी.

मला इथे त्रास होतो आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ज्या सिनेमाचं म्हणणंच हे की आमचा इतिहास आमच्या तोंडून ऐका, त्याच सिनेमात दुसऱ्यांचा इतिहास उसन्या तोंडांनी बोलतो. नट मिळत नव्हते असं म्हणता येणार नाही. ‘लिटल बिग मॅन’ 1970 मध्ये येऊन गेला होता आणि त्यातला म्हातारा शायेन सरदार साकारणारा चीफ डॅन जॉर्ज हा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा खराखुरा आदिवासी प्रमुख होता. सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळालं. तोही शायेन नव्हता. पण निदान ते संवाद बोलताना कुणाच्या कुटुंबात काय घडलं ते त्याला ठाऊक होतं, असं मला त्याच्या डोळ्यांत दिसतं.

दुरांगोच्या त्या तळावर तुम्हाला उठून काही बोलता येत नाही. पॉटिए ‘कट’ म्हणतो, लुसेरोच्या खांद्यावर हात ठेवतो, पुढच्या शॉटसाठी घोडे वळवले जातात.

पुढच्या वर्षी, 1972च्या वसंतात, न्यूयॉर्कमधल्या एखाद्या चित्रपटगृहात बसा. अंधार होतो. पडद्यावर आधी अर्पणाचा मजकूर येतो, इतिहासात नोंद न झालेल्या त्या स्त्री-पुरुषांना आणि मुलांना. मग बेनी कार्टरचं संगीत, त्यात सॉनी टेरीचा हार्मोनिका आणि ब्राउनी मॅगीची गिटार. काऊबॉयपटाच्या धुळीत ब्लूज पहिल्यांदाच इतका घरचा वाटतो. तुमच्या शेजारच्या खुर्चीत कृष्णवर्णीय आजोबा आहेत असं समजा, दक्षिणेत जन्मलेले, ज्यांच्या आजीने गुलामी पाहिली. आयुष्यभर त्यांनी काऊबॉयपट पाहिले. त्यांच्या माणसांना तिथे बहुतेकदा ओझी वाहणाऱ्याची जागा होती, किंवा जागाच नव्हती. खऱ्या पश्चिमेत दर चार गुराख्यांमागे एक कृष्णवर्णीय असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बॅस रीव्ह्ज 1875 पासून सरकारी डेप्युटी मार्शल होता आणि त्याने गोऱ्या गुन्हेगारांनाही बेड्या घातल्या. आजोबांना हे घरच्या गोष्टींतून माहीत असेल. पडद्याने कधी दुजोरा दिला नाही. आज बक आणि उपदेशक त्या टोळीला तिच्याच अड्ड्यावर गाठतात तेव्हा सभागृहात काय होत असेल, ते आजोबांच्या खुर्चीशेजारी बसूनच कळेल.

आणि रूबी डीकडे पाहा. तिने साकारलेली रूथ, बकची जोडीदार, त्याला सांगते, मला इथे राहायचं नाही, कॅनडाला जायचंय. या मातीतच विष मुरलंय. सिनेमाच्या शेवटी गाड्या हिरव्या खोऱ्यात पोचल्या तरी रूथचं हे बोलणं मनातून जात नाही. वेस्टर्नमधल्या बाईला इतकी राजकीय दृष्टी क्वचित मिळाली आहे, आणि माझी तक्रार इतकीच की तिला यापेक्षा खूप जास्त वेळ मिळायला हवा होता.

2023 मध्ये ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ आला. तेलाच्या पैशासाठी ज्यांचे खून पाडले गेले त्या ओसेज लोकांची कथा. हो, निकोडेमसला मांस देणारे तेच. त्यातल्या मॉली या ओसेज स्त्रीच्या भूमिकेसाठी लिली ग्लॅडस्टनला प्रमुख अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन मिळालं, अमेरिकेतल्या आदिवासी अभिनेत्रीला पहिल्यांदाच. आणि सिनेमाच्या ओसेज भाषेच्या सल्लागारानेच जाहीरपणे सांगितलं की ही गोष्ट मॉलीच्या नवऱ्याच्या नजरेतून सांगितली गेली, ती तिच्या नजरेतून यायला हवी होती आणि त्यासाठी दिग्दर्शक ओसेज हवा. दुरांगोत पॉटिएने कॅमेरा हातात घेताना जो हक्क मागितला होता, तोच इथे मागितला जातोय.

पॉटिए 2022 मध्ये गेला, बेलाफॉन्टे 2023 मध्ये. ‘बक अँड द प्रीचर’ क्रायटेरियनने 2022 मध्ये नव्याने काढला आहे, स्वच्छ प्रतीत. मिळवून पाहा. उपशीर्षकं लावा, दक्षिणेकडचे उच्चार पहिल्या खेपेला पटकन कळत नाहीत. आणि टोळीप्रमुख बंदुका नाकारतो तो प्रसंग दोनदा पाहा: एकदा तो काय म्हणतो ते ऐकायला, आणि एकदा ते म्हणायला तिथे कोण असायला हवं होतं याचा विचार करत.